पाणी आलं कुठून?

न्यू जर्सीत अपार्टमेंटची चावी हातात पडायच्या आधी बरेच कागद जमा करावे लागतात. पगाराच्या स्लिपा आणि डिपॉझिटच्या चेकच्या जोडीला त्यात आणखी एक कागद असतो, रेंटर्स इन्शुरन्सचा, म्हणजे भाडेकरूच्या विम्याचा दाखला. भारतातून नव्याने आलेला माणूस कॉम्प्लेक्सच्या ऑफिसने मागितला म्हणून तो ऑनलाइन काढतो, पीडीएफ अपलोड करतो आणि पुढच्या कामाला लागतो. साहजिकच आहे. त्या आठवड्यात गादी घ्यायची असते, वायफाय लावून घ्यायचं असतं, सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात खेपा घालायच्या असतात. मग महिन्याला पंधरा-वीस डॉलर कार्डावरून आपोआप जाऊ लागतात, आणि त्या पैशांच्या बदल्यात आपण नेमकं काय घेतलंय हे बहुतेकांना संकट येईपर्यंत कळत नाही.

आमच्या एडिसन-पिस्कॅटवे भागात नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींची लीज वाचून द्यायचं काम माझ्याकडे हळूहळू चालत आलं. मी वकील नाही, विमा एजंटही नाही. पण कुठलाही कागद शेवटच्या पानापर्यंत वाचायची मला लहानपणापासून सवय आहे. लीजच्या मागोमाग पॉलिसीही माझ्यासमोर येऊ लागल्या आणि वाचता वाचता त्यांच्याविषयी एक आस्था वाटू लागली. भाडेकरूच्या संसाराची इतकी बारकाईने दखल घेणारा दुसरा कागद मी पाहिलेला नाही. आणि त्याच कागदात काही दारं अशी घट्ट बंद आहेत की, त्यांच्यापाशी पोचल्यावर हतबल झालेली माणसंही मी पाहिली आहेत.

"बिल्डिंगचा इन्शुरन्स आहे ना?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. असतो, पण तो मालकाचा. भिंती, छप्पर, फरशी, मालकाने बसवून दिलेला फ्रिज आणि शेगडी त्याच्या विम्यात येतात. तुमचा लॅपटॉप, साड्या, सोफा, कुकर, देवघरातली चांदीची मूर्ती यांचं काहीही झालं तरी मालकाचा विमा एक सेंटही देत नाही. भाडेकरूची प्रमाणित पॉलिसी विमा व्यवसायात एचओ-४ म्हणून ओळखली जाते. ती तुमच्या सामानाचा विचार करते. घर राहण्याजोगं उरलं नाही तर बाहेर राहण्याच्या वाढीव खर्चाचा विचार करते. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्या जबाबदारीचा विचार करते आणि घरी आलेला पाहुणा पडला-धडपडला तर त्याच्या उपचाराच्या लहानशा खर्चाचाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. काही कॉम्प्लेक्समध्ये तुम्ही स्वतःची पॉलिसी आणली नाहीत, तर भाड्याच्या बिलात दरमहा ठरावीक रक्कम वाढवून तुम्हाला त्यांच्याच एका योजनेत घालतात. भाडेकरूला वाटतं, चला, विमा झाला. अशा बऱ्याच योजना फक्त तुमच्यामुळे इमारतीचं झालेलं नुकसान भरून देतात, म्हणजे पैसे जातात तुमचे आणि संरक्षण मिळतं मालकाला. तुमच्या सामानाचा त्यात उल्लेखही नसतो. माझ्याकडे कुणी लीज घेऊन आलं की, मी आधी बिलातली ही ओळ शोधते.

या पॉलिसीचा स्वभाव समजून घ्यायचा तर एक गोष्ट मनात पक्की धरावी लागते. तुमचं काय गेलं हे ती नंतर विचारते, कशाने गेलं हे आधी. प्रमाणित मसुद्यात सामानासाठी १६ कारणं नावानिशी दिलेली आहेत: आग, वीज पडणं, वादळ, गारपीट, स्फोट, दंगल, धूर, चोरी, छतावर साठलेल्या बर्फाचं वजन, नळातून किंवा यंत्रातून अचानक सुटलेलं पाणी, पाइप गोठणं वगैरे. ज्वालामुखीसुद्धा आहे. कारण यादीत असेल तर दार उघडतं. नसेल तर नुकसान कितीही मोठं आणि कितीही खरं असो, उत्तर नकारार्थीच येतं. वाळवी, ढेकूण, हळूहळू धरलेली बुरशी, भूकंप यांना या यादीत जागा नाही. ढेकणांपायी नवाकोरा पलंग रस्त्यावर टाकून द्यावा लागलेली कितीतरी घरं या भागात आहेत. त्यांना यातून काही मिळत नाही.

आता किमतीचा मुद्दा. "ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू" आणि "रिप्लेसमेंट कॉस्ट" असे दोन प्रकार पॉलिसीच्या पहिल्याच पानावर असतात. पहिल्या प्रकारात वस्तूची आजची, वापरून जुनी झालेली किंमत मिळते आणि दुसऱ्यात तशीच नवी वस्तू घ्यायला लागणारी. हप्त्यात फरक थोडाच पडतो. हातात येणाऱ्या रकमेत मात्र खूप पडतो, कारण संसारातल्या बहुतेक वस्तू जुन्याच असतात. सहा वर्षांच्या सोफ्याची आजची किंमत काढली आणि त्यातून पाचशे डॉलरचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटा, वजा केलं, की हाताला काय लागणार? मी सगळ्यांना दुसरा प्रकारच घ्यायला सांगते.

दायित्वाचा, म्हणजे आपल्या हातून झालेल्या दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग तरुणांना सगळ्यात कंटाळवाणा वाटतो. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. दिवाळीत चकल्या तळताना फोन वाजला, तेल तापून पेटलं आणि लाकडी सांगाड्याच्या इमारतीत वरचे दोन मजले धुराने काळे झाले, ही कल्पनेतली गोष्ट नाही. स्वयंपाक हे अमेरिकेतल्या घरांना लागणाऱ्या आगींचं सर्वांत मोठं कारण आहे. अशा वेळी मालकाची विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि नंतर ते वसूल करायला निष्काळजी भाडेकरूच्या मागे लागू शकते. वरच्या मजल्यावरचे शेजारीही दावा करू शकतात. एचओ-४ मध्ये या जबाबदारीची मर्यादा साधारण एक लाख डॉलरपासून सुरू होते आणि वकिलाचा खर्चही कंपनीच उचलते. नोकरीची पहिली दोन वर्षं, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, व्हिसाची टांगती तलवार, अशा अवस्थेतल्या मुलाला यापेक्षा मोठा आधार मला माहीत नाही.

पण आधार कुणाला? ज्याचं नाव पॉलिसीवर आहे त्याला आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या नातेवाइकांना. दोन बेडरूमच्या घरात चार मुलं राहतात, पॉलिसी एकाच्या नावावर असते आणि बाकीचे तिघं समजतात की आपलंही झालं. त्यांचं काहीच झालेलं नसतं. एकमेकांशी नातं नसलेल्या रूममेट्सनी प्रत्येकी आपापली पॉलिसी काढावी, हे मी प्रत्येक लीजवर सही व्हायच्या आधी सांगते. "काकू, एवढ्याशा सामानासाठी कशाला?" असं उत्तर येतं. मग मी त्या मुलाला बोलता बोलता त्याच्या खोलीतल्या वस्तूंची यादी करायला लावते. लॅपटॉप, फोन, हेडफोन, थंडीचं जॅकेट, बूट, गादी, टेबल, खुर्ची, भारतातून आणलेली बॅग आणि तिच्यातलं सगळं. यादी पूर्ण व्हायच्या आधीच तो गप्प होतो. आणि हे सामान घराबाहेरही सांभाळलं जातं. लायब्ररीतून लॅपटॉप चोरीला गेला, गाडीची काच फोडून बॅग नेली, तरी तो याच पॉलिसीचा विषय असतो. गाडीच्या विम्याचा नाही.

आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, त्यांच्याबद्दलही विचारलं जातं. घरी आलेल्या पाहुण्याच्या सामानाचं नुकसान झालं तर आपल्या मागणीवरून ते आपल्या पॉलिसीत धरता येतं, अशी सोय प्रमाणित मसुद्यात आहे. सासूबाईंच्या सुटकेसमधल्या साड्या पाण्याने गेल्या, तर मागायला संकोच करू नये. त्यांचं आजारपण मात्र या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स वेगळा काढावा लागतो, आणि तो न काढता कुणीही आईवडिलांना विमानात बसवू नये.

सोन्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे आपलं घर इतरांपेक्षा वेगळं पडतं. प्रमाणित पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीची मर्यादा १,५०० डॉलर असते. दागिने कितीचेही असोत, सामानाचा एकूण विमा तीस हजारांचा असो, मिळणार तेवढेच. अमेरिकन घरातल्या एखाद्या अंगठीच्या हिशेबाने तो आकडा ठरला असावा. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, बाळाच्या बारशाला आजीने घातलेल्या बिंदल्या या हिशेबात कुठेच बसत नाहीत. आणि आपल्याकडे सोनं असतं हे चोरांनाही ठाऊक आहे. जॉर्जिया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मिशिगन, टेक्सास अशा राज्यांत भारतीय वंशाच्या कुटुंबांना हेरून घरात घुसणारी एक टोळी होती. तिच्या म्होरक्या बाईला २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल न्यायालयाने ३७ वर्षांची शिक्षा दिली. त्या घरांतली माणसं बांधली जात होती, पोराबाळांसमोर बंदुका रोखल्या जात होत्या. अशा प्रसंगात जे जातं त्याचा हिशेब कुठलीच पॉलिसी करू शकत नाही. पण निदान सोन्याचा तरी व्हायला हवा.

त्याचा मार्ग आहे. दागिन्यांची नावं, वजन आणि मूल्य देऊन त्यांचा वेगळा पुरवणी विमा याच पॉलिसीला जोडता येतो. त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला लागतो. लक्ष्मी रोडवरच्या सराफाची पावती जपून ठेवली असेल तर मूल्यांकन करणाऱ्याचं काम सोपं होतं, कारण बावीस कॅरेटचं सोनं आणि आपली घडणावळ इथल्या प्रत्येक जवाहिऱ्याला परिचयाची नसते. पुरवणीचा आणखी एक फायदा आहे. मूळ पॉलिसी चोरीला पैसे देते, हरवण्याला देत नाही. गरब्याच्या गर्दीत कानातलं पडलं तर तिच्या लेखी ते कारणच नाही. पुरवणीत नोंदवलेला दागिना सहसा हरवला तरी धरला जातो. आणि जे रोज अंगावर नाही ते बँकेच्या लॉकरमध्येच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लग्नकार्याच्या आदल्या आठवड्यात सगळं घरी आणून कपाटात ठेवायची पद्धत मला धोक्याची वाटते.

आता पाणी. मी वाचलेल्या सगळ्या पॉलिसींत, सगळ्यांत जास्त गैरसमज होतो तो पाण्याबद्दल.

वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचा पाइप फुटला आणि तुमच्या छतातून धार लागली, तर पैसे मिळतात. वादळाने खिडकी फोडली आणि त्या भोकातून पाऊस आत आला, तर मिळतात. खिडकी तुम्हीच उघडी ठेवली होती आणि पाऊस आला, तर नाही. नळ महिनोन्‌महिने झिरपत राहून कपाट कुजलं, तर नाही. गटाराचं पाणी उलटं फिरून बाथरूममधून वर आलं, तर मूळ पॉलिसीत नाही, वेगळी पुरवणी असेल तरच. डिसेंबरमध्ये लग्नासाठी चार आठवडे पुण्याला जाताना वीज वाचवायला हीट बंद करून गेलात, पाइप गोठून फुटला, तर कंपनी विचारणार की घरात उष्णता राहील याची काळजी तुम्ही घेतली होती का. सुट्टीवर निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते: हीट कमी करा, पण चालू ठेवा.

आणि जमिनीवरून वाहत आलेलं पाणी, म्हणजे पूर, या यादीत नाही. अजिबात नाही. नदी फुगलेली असो, नाला तुंबलेला असो की पाऊस इतका पडलेला असो की रस्त्यावरचं पाणी उंबरा ओलांडून आत आलं. तेच पाणी, तोच भिजलेला सोफा, तीच वाहून गेलेली कागदपत्रं. छतातून आलं तर पैसे, दारातून आलं तर शून्य.

१ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी इडा वादळाचे अवशेष आमच्यावरून गेले, तेव्हा न्यू जर्सीतल्या हजारो भाडेकरूंना हा फरक कळला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस पडला. न्यूयॉर्क शहरात १३ जण गेले, त्यातले ११ तळघरातल्या घरांमधले होते. ती तळघरं बहुतेक शहराच्या क्वीन्स भागातली, बरीचशी बेकायदा भाड्याने दिलेली, स्थलांतरितांनी भरलेली. आमच्या राज्यात ३० जण दगावले. एलिझाबेथमधल्या ओकवुड प्लाझा या एकाच वसाहतीत पाण्याने चौघांचा जीव घेतला आणि शेकडो भाडेकरूंना घर सोडावं लागलं. रॅरिटन नदीकाठच्या मॅनव्हिलमध्ये घरं पाण्यात असतानाच गॅसचे स्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात मी ओळखीच्या घरांमध्ये मदतीला जात होते. चिखलाने जड झालेल्या गाद्या चौघांनाही उचलत नव्हत्या. तळमजल्यावर राहणाऱ्या एका तरुण जोडप्याने मला फोनवर पॉलिसी उघडून दाखवली. हप्ते वेळेवर भरलेले, सामानाचा विमा पंचवीस हजार डॉलरचा. "ताई, यात वॉटर डॅमेज लिहिलंय ना," ती मुलगी पुन्हा पुन्हा म्हणत होती. लिहिलेलं होतं. ते छतातल्या पाण्याबद्दल होतं. कंपनीने हॉटेलचाही खर्च दिला नाही, कारण बाहेर राहण्याचा खर्च तेव्हाच मिळतो, जेव्हा घर यादीतल्या कारणाने निकामी होतं. तिच्या डोळ्यांतला तो अविश्वास मी विसरू शकत नाही. ती अडाणी नव्हती, निष्काळजी नव्हती. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

हे लिहिताना भारतातली पॉलिसी आठवते, कारण तिथली मांडणी जवळजवळ उलटी आहे. भारतीय विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यायला लावली. तिच्यात पूर मुळातच आहे. वादळ, भूकंप, दरड कोसळणं, पाण्याची टाकी फुटणं हेही आहे. नुसत्या सामानाचा विमाही घेता येतो, म्हणजे भाडेकरूला ती पूर्ण खुली आहे. फक्त सामानाची रक्कम त्याने स्वतः सांगायला हवी. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर पुण्यात सिंहगड रोडच्या एकता नगरीत घराघरांत पाणी शिरलं. त्यातला एखादा भाडेकरू ही पॉलिसी घेऊन बसला असता, तर 'पूर' हा शब्द त्याच्या बाजूने उभा राहिला असता. उलट, इथे सहज धरली जाणारी चोरी तिथे मूळ पॉलिसीत नाही. आग, पूर अशा संकटानंतर सात दिवसांच्या आत, त्या संकटापायी झालेली चोरीच काय ती धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा काढावा लागतो. घराबाहेर नेलेली वस्तूही तिथे वगळली जाते, आणि ज्यात शॉर्टसर्किट झालं ते उपकरणही. महाराष्ट्रात सोसायट्या इमारतीचा विमा काढतात, त्यामुळे तिथलाही भाडेकरू निर्धास्त असतो. पण तो विमा भिंतींचा. भाडेकरूचा त्यात काही वाटा नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माझ्या पुण्यातल्या भाच्याला मी हे समजावलं, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे भाडेकरूचा विमा असतो हेच मला माहीत नव्हतं." पुण्यामुंबईत ही स्थिती सर्वदूर आहे. याबद्दल तिथल्या एजंटांनी, सोसायट्यांनी बोलायला हवं.

अमेरिकेत पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. १९६८ पासून चालत आलेली केंद्र सरकारची एक योजना आहे, तिच्यात भाडेकरूला नुसत्या सामानासाठी एक लाख डॉलरपर्यंत विमा मिळतो. पैसे वस्तूच्या जुन्या किमतीने मिळतात. आणि एक अट अशी आहे की ती वाचताना मला प्रत्येक वेळी त्रास होतो. चारी बाजूंनी जमिनीखाली असलेल्या तळघरातलं सामान या योजनेत जवळजवळ धरतच नाहीत. कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं यंत्र, खिडकीतला किंवा हलवता येणारा एसी, डीप फ्रीझर आणि त्यातलं अन्न एवढंच. म्हणजे इडाच्या रात्री जे सगळ्यात आधी बुडाले, त्यांच्याच वाट्याला सगळ्यात कमी. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. ते बदलेपर्यंत तळघर भाड्याने घेणाऱ्याला मी स्पष्ट सांगते की तुमचं सामान कुणीच सांभाळणार नाही. शक्य असेल तर वरचा मजला बघा, भले खोली लहान मिळो.

एक बदल मात्र झाला. न्यू जर्सीने २०२३ मध्ये कायदा केला आणि मार्च २०२४ पासून मालकाला लीजवर सही घेण्याआधी भाडेकरूला सांगावं लागतं की ही जागा पूरक्षेत्रात आहे का, आणि आधी तिथे पूर आल्याचं मालकाला माहीत आहे का. नेहमीच्या रेंटर्स पॉलिसीत पूर सहसा येत नाही, हे वाक्यसुद्धा आता लीजमध्ये छापून येतं. त्या जोडप्याला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते आता भाडेकरूच्या सहीआधी कागदावर असतं. ते पान मी मोठ्याने वाचून दाखवते, मुलं घाईत असली तरी.

पुराची पॉलिसी काढली की सहसा ३० दिवसांनी लागू होते. वादळाची बातमी टीव्हीवर दिसल्यावर अर्ज करून उपयोग नसतो. हरिकेनचा मोसम १ जूनला सुरू होतो, म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्या ओळखीच्या सगळ्या घरांना मी एप्रिलमध्येच फोन करते, आणि पॉलिसीचा नंबर मिळेपर्यंत पुन्हा करत राहते.